रोगाची साथ आणि कारखान्याची जोखीम





निमोणे येथे गटसभा संपल्यावर मंडळी चहाला थांबली होती. बोलता बोलता २०२० सालच्या करोनाचा विषय निघाला. तेव्हा एका वयस्कर सभासदांनी विचारले, "रोग आला तो माणसाला. उसाला न्हाई, साखरेला न्हाई. मंग त्या साली जागोजागी शेतकऱ्याची बिलं का लांबली?" मंडळी हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तिथे चार वाक्यांत उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

साथ आता सरली. पण साथीने आपल्या धंद्याचे जे कच्चे दुवे उघडे पाडले ते आजही तिथेच आहेत. कारखान्याचा मालक म्हणून प्रत्येक सभासदाला ते माहीत असले पाहिजेत.

१. जोखीम म्हणजे काय?

शेतकऱ्याला जोखीम शिकवायला नको. विहीर खणतो तेव्हा पाणी लागेल की नाही हे ठाऊक नसते. लागण करतो तेव्हा पुढल्या उन्हाळ्यात घोड धरणातून किती आवर्तने मिळतील हे कोणी लिहून देत नाही. तरीही आपण शेती करतो, कारण जोखमीशी वागायच्या चार रीती आपल्या वाडवडिलांनी घालून दिल्या आहेत.

पहिली रीत जोखीम टाळण्याची. ज्या रानात पाणी साचते तिथे आपण ऊस लावत नाही. दुसरी रीत ती कमी करण्याची. बेणे निवडून घेतो, बेणेप्रक्रिया करतो, ठिबक टाकतो. तिसरी रीत वाटून घेण्याची. सावड करतो, सोसायटी काढतो, चार घरे मिळून एक ट्रॅक्टर घेतो. आणि चौथी रीत, जे टळत नाही ते सोसण्याची तयारी ठेवण्याची. कणगीत वर्षाचे धान्य आणि गाठीला चार पैसे असले की एक साल वाईट गेले तरी घर मोडत नाही.

मोठमोठ्या कंपन्या जोखीम सांभाळण्यासाठी तज्ज्ञ माणसे नेमतात. ती माणसेही या चारच गोष्टी करतात, फक्त कागदावर मांडून करतात.

याखेरीज एक पाचवी रीत आहे आणि ती वाईट आहे. आपली जोखीम उचलून आपल्यापेक्षा कमकुवत माणसाच्या गळ्यात घालणे. साथीच्या काळात जगभर हीच रीत सर्वांत जास्त वापरली गेली. तिचा धोका काय, हे पुढे पाहू.

२. साथ दुष्काळापेक्षा वेगळी का?

दुष्काळ एका भागात पडतो. आपल्याकडे चारा नसला तर दुसऱ्या जिल्ह्यातून येतो. गारपीट एका शिवारात होते, शेजारच्या गावचे पाहुणे मदतीला धावतात. म्हणजे एक पडला तर दुसरा उभा असतो, आणि जोखीम वाटून घेता येते ती त्यामुळेच.

जागतिक साथीत सगळे एकाच दिवशी अडचणीत येतात. मजूर, वाहतूक, बाजारपेठ, बँक आणि परदेशातील गिऱ्हाईक यांपैकी कोण कोणाला आधार देणार? सावडीला बोलवावे तर सगळ्यांच्याच घरी आजारपण, अशी ती अवस्था असते.

आपल्या मुलखाला हा अनुभव नवा नाही. १९१८ साली पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरातून आत आली. त्याच साली पाऊसही फसला. देशात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसे गेली असे अभ्यासक मानतात. त्या वेळी ऊस पिकवणारा आपापल्या गुऱ्हाळावर एकटा होता. त्याच्या मागे कारखाना नव्हता की भागभांडवल नव्हते. पुढे लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ साली त्याचा पहिला हंगाम झाला. सहकार म्हणजे नफा वाटून घेण्याची सोय, असे आपण समजतो. खरे म्हणजे सहकार ही आधी जोखीम वाटून घेण्याची सोय आहे.

३. मार्च २०२० मध्ये काय घडले?

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाला जागतिक साथ म्हणून जाहीर केले. त्याच्या दोनच दिवस आधी पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण सापडले होते. २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील धडधड थांबली. चौफुल्यावर पोलीस उभे राहिले. साखर ही जीवनावश्यक वस्तू असल्याने कारखाने चालवायला परवानगी होती. पण परवानगीच्या कागदावर गव्हाणीत मोळी पडत नाही. त्यासाठी तोडणारे हात लागतात, वाहन लागते, डिझेल लागते, सुटा भाग लागतो, आणि तयार साखर उचलणारा व्यापारी लागतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. राज्यातील साखर धंदा त्या वर्षी तरला तो बराचसा योगायोगाने. २०१८ चा दुष्काळ आणि ऑगस्ट २०१९ चा महापूर यांमुळे २०१९-२० च्या हंगामात ऊसच कमी होता. आदल्या हंगामात राज्यात सुमारे १०७ लाख टन साखर झाली होती, ती त्या हंगामात ६१-६२ लाख टनांवर आली. त्यामुळे देश बंद झाला तेव्हा अनेक कारखान्यांचे गाळप संपले होते किंवा संपत आले होते.

आता उलटा विचार करा. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात सुमारे १३७ लाख टन साखर झाली आणि गाळप जूनपर्यंत लांबले. उभा ऊस संपता संपेना, वजन घटले, उतारा पडला, शेतकरी रडकुंडीला आले. अशा वर्षी आणि तेही ऐन जानेवारीत देश बंद झाला असता तर? अठरा महिन्यांची आडसाली रानात उभी, टोळी कोपीत अडकलेली आणि बँकेचा हप्ता दारात. म्हणून "आम्ही करोनात कारखाने चालवून दाखवले" अशी पाठ थोपटून घेताना थोडे थांबावे. नशिबाने साथ दिली, त्याला नियोजन म्हणू नये.

४. पहिला दुवा : तोडणी टोळी

बंद जाहीर झाला तेव्हा बीड, नगर, जालना या भागांतून आलेले तोडणी मजूर ऊस पट्ट्यात अडकून पडले. राज्यात ३८ कारखान्यांच्या तळांवर १ लाख ३१ हजार मजूर असल्याचे सरकारी निर्णयात म्हटले होते. १७ एप्रिल २०२० रोजी त्यांना गावी सोडण्याचा निर्णय झाला. मजुरांची आरोग्य तपासणी करायची, याद्या करायच्या आणि गावापर्यंत पोचवण्याची व्यवस्था कारखान्यांनी करायची, असे ठरले.

त्या तीन-चार आठवड्यांत काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले. ज्या फडात काम संपले होते तिथली टोळी कोपीत बसून होती. मजुरी बंद, बाजार बंद. वाढे विकून चार पैसे सुटायचे तेही थांबले, कारण गावात कोणी परक्याला येऊ देईना. बैलांना चारा हवा, लेकरांना दूध हवे. काही वस्त्यांवरच्या आयाबायांनी भाकरी बांधून दिल्या, काही ठिकाणी पाण्याच्या हंड्यावरूनही कुरबुर झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

धंद्याच्या दृष्टीने यातून काय शिकायचे? टोळीचा आणि कारखान्याचा करार मुकादमामार्फत होतो. उचल मुकादम घेतो, माणसे तो आणतो. त्यामुळे फडात कोयता चालवणारा माणूस कारखान्याच्या पटावर नसतो. जो पटावर नाही त्याची आरोग्य तपासणी, विमा, रेशन ही कोणाची जबाबदारी, हा प्रश्न शांत दिवसांत कोणी विचारत नाही. पाचवी रीत म्हणतात ती हीच. रोगाची, अपघाताची, हंगाम लांबण्याची जोखीम खालच्या माणसाकडे सरकवून आपण मोकळे होतो. पण तो माणूस आजारी पडला की मोळी बांधायला कोण? म्हणजे सरकवलेली जोखीम फिरून आपल्याच दारात येते. साखळीचा जोर सर्वांत कच्च्या कडीइतकाच असतो, आणि ही कडी आपण स्वतःच कच्ची ठेवली होती.

पुढच्या हंगामात काही सुधारणा झाल्या. २०२०-२१ चे गाळप सुरू झाले तेव्हा टोळ्यांची तपासणी आणि तळावर अंतर ठेवून राहुट्या अशी व्यवस्था बऱ्याच ठिकाणी केली गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये तोडणीच्या दरात सरासरी १४ टक्के वाढ मान्य झाली. पुढे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ उभे राहिले आणि त्यासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याकडून १० रुपये घेण्याचे ठरले. काही सभासदांना हे १० रुपये जास्त वाटतात. त्यांनी एवढेच पाहावे की टोळी एक महिना आली नाही तर आपल्या टनामागे किती रुपये जातील.

साथ माणसालाच येते असेही नाही. २०२२ साली जनावरांत लम्पीचा आजार पसरला, गुरांचे बाजार बंद पडले आणि बैलगाडी टोळीच्या बैलांना लस टोचल्याशिवाय हलवणे अवघड झाले. करोनाला अडीच वर्षे होत नाहीत तोच दुसरी साथ तोडणीच्या वाटेवर आली होती.

५. दुसरा दुवा : गोदामातील साखर

आता त्या वयस्कर सभासदांच्या प्रश्नाचे नेमके उत्तर. बिले लांबली ती साखर विकली गेली नाही म्हणून.

घरातल्या चहाला साखर किती लागते? देशात खपणाऱ्या साखरेपैकी निम्म्याहून अधिक साखर घरात जात नाही. ती शीतपेये, आइस्क्रीम, बिस्किटे, मिठाई, हॉटेले यांच्याकडे जाते. एप्रिल-मे हा त्यांचा ऐन हंगाम. २०२० च्या उन्हाळ्यात लग्ने नाहीत, हॉटेले बंद, रसवंत्या बंद, गाडीवरचा बर्फाचा गोळाही बंद. कारखान्याने दरमहा किती साखर विकायची याचा कोटा केंद्र सरकार ठरवून देते. त्या मार्चचा कोटा विकायला सरकारला मुदत वाढवून द्यावी लागली, एवढी उचल मंदावली होती.

साखर गोदामात पडून राहिली तर बिघडले काय, ती तर नासत नाही, असे कोणी म्हणेल. साखर नासत नाही, पण व्याज वाढते. हा हिशेब प्रत्येक सभासदाने एकदा स्वतः करून पाहावा. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत.

समजा गोदामात १,००० क्विंटल साखर आहे. फेब्रुवारी २०१९ पासून साखरेचा किमान विक्री दर क्विंटलला ३,१०० रुपये होता. म्हणजे मालाची किंमत ३१ लाख रुपये. या मालावर बँक मालतारण कर्ज देते, पण पुऱ्या किमतीवर देत नाही. समजा ८५ टक्के दिले, तर हाती येतात २६ लाख ३५ हजार. व्याज द.सा.द.शे. १२ धरले तर महिन्याला २६,३५० रुपये. साखर सहा महिने पडून राहिली तर व्याज झाले १ लाख ५८ हजार १००, म्हणजे क्विंटलमागे १५८ रुपये. उतारा ११ टक्के असेल तर एक टन उसातून १ क्विंटल १० किलो साखर निघते. म्हणजे एका टन उसामागे जवळजवळ १७४ रुपये नुसत्या व्याजात गेले. कोणी चोरले नाहीत, कोणी खाल्ले नाहीत, साखर थांबली म्हणून गेले.

आता दुसरी बाजू. २०१९-२० साठी १० टक्के उताऱ्याला टनाला २,७५० रुपये रास्त व किफायतशीर दर होता आणि पुढच्या प्रत्येक दशांश टक्क्याला २७ रुपये ५० पैसे जास्त. ११ टक्के उताऱ्याला हा दर होतो ३,०२५ रुपये. यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन उरलेली रक्कम शेतकऱ्याला मिळते. त्याच टनाच्या साखरेवर बँकेने दिले सुमारे २,९०० रुपये. म्हणजे पगार, चुना, गंधक, दुरुस्ती आणि जुन्या कर्जाचे हप्ते बाजूला ठेवले तरी हात अपुरा पडतो. ही तूट रोजच्या रोज साखर विकून आणि मळी, बगॅस, वीज यांच्या पैशातून भरायची असते. विक्री थांबली की तूट उघडी पडते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले पाहिजेत, नाहीतर १५ टक्के व्याज. कायदा सभासदाच्या बाजूने आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. पण कायदा गोदामातली साखर विकून देत नाही.

परदेशात विकावी तर तिथेही गंमतच झाली. २०१९-२० साठी केंद्राने ६० लाख टन निर्यातीचा कोटा ठेवून टनाला १०,४४८ रुपये मदत जाहीर केली होती. पण साथीमुळे जगभर गाड्या थांबल्या, खनिज तेलाचे भाव कोसळले, आणि ब्राझीलमधील कारखान्यांनी इथेनॉल कमी करून रस साखरेकडे वळवला. जगात साखर वाढली आणि भाव पडले. निमोण्याच्या रानातला ऊस आणि ब्राझीलच्या पेट्रोल पंपावरची गर्दी यांचा संबंध असतो, हे त्या वर्षी कळले.

६. तिसरा दुवा : एकाच मालावर भिस्त

ज्या कारखान्यांकडे फक्त साखर होती त्यांना दम लागला. ज्यांच्याकडे आसवनी आणि सहवीजनिर्मिती होती त्यांना थोडा श्वास घेता आला. या संदर्भात साथीच्या काळातील तीन उदाहरणे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण हात धुण्याच्या सॅनिटायझरचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे त्यात ८० टक्के इथेनॉल, थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थोडे ग्लिसरीन असते. ज्याच्याकडे आसवनी आहे त्याच्याकडे मुख्य माल घरचाच. परवाने लवकर मिळाले आणि राज्यातील अनेक कारखान्यांनी थोड्याच आठवड्यांत बाटल्या भरायला घेतल्या. बाजारात लूट होऊ नये म्हणून केंद्राने २०० मिलिलिटरची किंमत १०० रुपयांपुढे जाऊ दिली नाही. दवाखान्यांना, ग्रामपंचायतींना उपयोग झाला आणि कारखान्यांना थोडा पैसाही झाला. पण माल सगळ्यांनीच काढला आणि भीती ओसरली तशी मागणी बसली. यावरून धडा असा की नडीच्या वेळी हाताशी आहे त्यातून नवा माल काढावा, पण त्यासाठी मोठे कर्ज काढून कायमची यंत्रे बसवू नयेत.

दुसरे उदाहरण प्राणवायूचे. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसऱ्या लाटेत माणसे प्राणवायूवाचून तडफडली. त्या वेळी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने कारखान्यांना प्राणवायू निर्मितीसाठी हाक दिली आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील चोराखळीच्या धाराशिव कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात बदल करून प्राणवायू काढला. इथेनॉलमधले पाणी शोषून घेण्यासाठी एक प्रकारचे खडे वापरतात. तशाच जातीचे, पण हवेतला नत्र धरून ठेवणारे खडे घातले की प्राणवायू वेगळा होतो. यंत्र जवळजवळ तेच, काम दुसरे. आपल्याकडच्या यंत्राची आणि ते चालवणाऱ्या माणसाच्या अकलेची ही खरी किंमत. कारखान्यातील कुशल कामगार टिकवून धरणे हीसुद्धा जोखीम कमी करण्याचीच रीत आहे.

तिसरे उदाहरण इथेनॉलचे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०१९-२० मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास होते, ते २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत गेले. साखर विकायला महिने लागतात, इथेनॉलचे पैसे तुलनेने लवकर येतात. म्हणून "आता साखर सोडा, इथेनॉल धरा" असे जो तो म्हणू लागला. पण एप्रिल २०२० मध्ये गाड्याच थांबल्या आणि पेट्रोलचा खप निम्म्याहून खाली आला, तेव्हा इथेनॉल तरी कोण उचलणार? पुढे डिसेंबर २०२३ मध्ये ऊस कमी पडणार म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यावर अचानक बंधन घातले. ज्यांनी नुकतेच कर्ज काढून प्रकल्प उभारले त्यांची पंचाईत झाली. बंधन पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये उठले, पण व्याज तोवर थांबले नव्हते. म्हणजे एका बैलाऐवजी दुसऱ्या एकाच बैलावर शेती करण्यात शहाणपण नाही. साखर, इथेनॉल, वीज, खत असे तीन-चार बैल दावणीला हवेत आणि वेळेप्रमाणे जुंपायची मुभा हवी.

७. चौथा दुवा : गाठीचा पैसा

साथीत कोण तगले हे जगभर पाहिले तर एक गोष्ट ठळक दिसते. ज्यांच्याकडे आधीपासून शिल्लक होती आणि कर्ज बेताचे होते ते तगले. नुसती हुशारी कामाला आली नाही.

सहकारी कायद्यात निव्वळ नफ्याचा किमान चौथा भाग राखीव निधीत टाकावा असे कलमच आहे. पण नफाच दाखवता आला नाही तर निधीत काय जाणार? इथे आपण सभासदांनी आपल्याकडेही पाहावे. सर्वसाधारण सभेत शेजारच्या कारखान्यापेक्षा पन्नास रुपये जादा दर मागताना टाळ्या पडतात. संचालक मंडळालाही निवडणूक जिंकायची असते, ते कर्ज काढून दर देते. चांगल्या सालात सगळे वाटून टाकायचे आणि वाईट सालात सरकारकडे हात पसरायचे, ही रीत कणगी फुंकून खाणाऱ्याची आहे.

दुसऱ्या बाजूने संचालकांनीही ध्यानात घ्यावे की "पैसे राखून ठेवले" म्हटल्यावर सभासद विश्वास ठेवतो तो हिशेब दिसला तरच. राखीव निधी कुठे ठेवला, किती व्याज आले, कशासाठी काढला, हे अहवालात साध्या मराठीत छापले पाहिजे. दडवलेला हिशेब हीच सर्वांत मोठी जोखीम असते, कारण ती साथ नसतानाही कारखाना बुडवते.

२०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना आधी तीन महिने आणि मग ऑगस्टअखेरपर्यंत सवलत दिली. अनेकांना वाटले कर्ज माफ झाले. हप्ता थांबला होता, व्याज थांबले नव्हते. सवलत म्हणजे उसंत, माफी नव्हे, हे कारखान्यालाही लागू आणि घरालाही लागू.

८. सभासदाने आपल्या घरी काय करावे?

कारखान्याचे नियोजन संचालक करतील, पण बांधावरचे नियोजन आपल्याच हाती आहे.

(१) सगळा ऊस एकाच महिन्यात तोडणीला येईल अशी लागण करू नये. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांची वाटणी ठेवावी. एक महिना बंद पडला तरी सगळे क्षेत्र अडकत नाही.

(२) लागणीची नोंद शेतकी खात्याकडे वेळेवर आणि खऱ्या तारखेची द्यावी. खोटी तारीख देऊन एकाने नंबर पुढे काढला तर तोडणी कार्यक्रमच बिघडतो, आणि अडचणीच्या वेळी त्याच कार्यक्रमाचा आधार असतो.

(३) सरी साडेचार ते पाच फुटांची ठेवावी. टोळी आली नाही तर यंत्राने तोड करता येते. अडीच-तीन फुटी सरीत यंत्र शिरत नाही, मग यंत्र दारात उभे असून उपयोग नाही.

(४) दूध, कांदा, भाजी असा हप्त्या-पंधरवड्याला पैसा देणारा एक जोडधंदा ठेवावा. पण त्यालाही झळ लागते हे विसरू नये. एप्रिल २०२० मध्ये हॉटेले बंद पडून दुधाचे भाव कोसळले, तेव्हा जादा दूध लिटरला २५ रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करण्याची वेळ राज्य सरकारवर आली. जोडधंदा मुख्य धंद्यापेक्षा वेगळ्या गिऱ्हाइकाचा असावा, म्हणजे दोन्ही एकदम बसत नाहीत.

(५) एका हंगामाचा घरखर्च आणि बेणे-खताचा पैसा बाजूला ठेवल्याशिवाय नवे कर्ज, नवी गाडी, मोठे लग्न यांच्या मागे लागू नये.

(६) आपल्या फडात येणाऱ्या टोळीला प्यायचे पाणी आणि कोपीला उंच जागा द्यावी. कोणी तापाने फणफणले तर कोपीत झाकून न ठेवता दवाखान्यात न्यावे. यात उपकार नाहीत. आपल्याच उसाची ती काळजी आहे.

९. समारोप

"रोग माणसाला, मग बिल का लांबलं?" या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत सांगायचे तर असे : ऊस, साखर, पैसा ही सगळी चाके माणूस ओढतो, आणि साथीत माणूसच घरी बसला.

पुढची साथ कधी येईल, माणसाला येईल की जनावराला की उसालाच, हे सांगता येणार नाही. पण ती आल्यावर काय करायचे हे आता ठरवता येते. टोळीच्या आरोग्याची जबाबदारी कोणाची, दोन महिने साखर विकली नाही तर पहिले पैसे कोणाला, वाहने अडली तर कोणत्या गटाचा ऊस आधी, या तीन प्रश्नांची उत्तरे साथ नसतानाच लिहून ठेवली पाहिजेत. पुढच्या वार्षिक सभेत दराबरोबर हे तीन प्रश्नही कोणीतरी उठून विचारावेत. दर मागताना आपण मालक आणि तोटा आला की नुसते ऊस घालणारे, असे दोन्हीकडून चालणार नाही. भाग घेतला तेव्हा जोखमीतही भाग घेतला आहे. ती वर-खाली ढकलत बसलो तर सगळ्यांत खालचा मोडेल, आणि त्याच्या मागोमाग आपण. सगळ्यांनी मिळून खांदा दिला तर मात्र ती पेलेल.

विना सहकार नाही उद्धार.